डबा आणि अट

कुंद्याचा डबा हातात आला की आत कुंदा किती आणि पुठ्ठा किती, हे बेळगावचा माणूस नजरेनेच तोलतो. संगणकातल्या डब्यांचा हिशेब मात्र फारसे कोणी करीत नाही.

सी शार्प भाषेत साधा पूर्णांक ४ बाइटांत मावतो. पण तो ‘ऑब्जेक्ट’ म्हणून किंवा एखाद्या इंटरफेसच्या रूपात मागितला, की त्याला डब्यात घालावे लागते. हीपवर नवी जागा, वर जातीची चिठ्ठी, शिवाय पुढे तो डबा उचलून टाकण्याचे काम. ६४ बिटी यंत्रावर हा डबा २४ बाइटांचा होतो. यालाच बॉक्सिंग म्हणतात.

आमचे काका गावच्या दूध संस्थेचे सचिव. तिथल्या जुन्या यंत्रात सुमारे १ लाख नोंदी होत्या आणि यादी लावताना ते अडखळे. “यंत्र बदलायचंच म्हणतोस काय रे? पैसे सभासदांचे आहेत,” काका म्हणाले. प्रोग्रॅम कुणा दुसऱ्याचा. तो उघडला तर तुलना करणारे फंक्शन दोन ‘आयकम्पेअरेबल’ मागत होते. १ लाख आकडे क्रमाने लावायला साधारण १७ लाख तुलना लागतात. प्रत्येक तुलनेला दोन डबे, म्हणजे ३४ लाख डबे! ऐंशी एमबीहून अधिक केर, तोही एका यादीसाठी.

उपाय २००५ पासून भाषेतच आहे. त्या वर्षी सी शार्पच्या दुसऱ्या आवृत्तीत जनरिक्स आले. त्यामागे मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज संशोधनशाळेतील डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांचे काम होते. फंक्शनला ‘टी’ हा प्रकार द्यायचा आणि अट घालायची: व्हेअर टी : आयकम्पेअरेबल<टी>. माझा कन्नड विभागातला मित्र म्हणाला, “म्हणजे ‘नी यारू’ असं विचारायचंच नाही. तुलना करता येते ना, मग ये आत!” याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळाली नाही. चालवण्याच्या वेळी पूर्णांकासाठी वेगळा यंत्रसंकेत तयार होतो आणि तुलना थेट मूळ आकड्यावर चालते. डबा नाही. शेवटचा <टी> मात्र विसरू नये. जुना आयकम्पेअरेबल दुसरा आकडा ऑब्जेक्ट म्हणूनच घेतो, म्हणजे निम्मे डबे उरतातच.

यंत्र बदलावे लागले नाही. छपाई अजून तितकीच संथ आहे, तिला अटीचा काही उपयोग नाही.

नुसते ‘व्हेअर टी : स्ट्रक्ट’ लिहून भागते, असे आमच्या वर्गात पुष्कळांना वाटते. तसे नाही. आत पुढे तोच टी इंटरफेसच्या चलात ठेवला की डबा परत आलाच. आणि आपल्या स्ट्रक्टने स्वतःचे टूस्ट्रिंग लिहिले नसेल, तर ते बोलावतानाही डबा होतो, अट कितीही चोख असली तरी.