सहा वाजताची गाय

दर बदलीला सामान बांधताना बायकोचा एकच प्रश्न असतो, "ती पुस्तकांची ट्रंक यंदाही येणार?" येते. तिच्यात टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेच्या कादंबऱ्या आहेत. एकूण ४१. पहिली १९८३ची, शेवटची २०१५ची, लेखक गेल्यावर आलेली.

पहिली मला एनडीएत असताना मिळाली, रविवारच्या लिबर्टीत, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात. ताटासारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका अजस्र कासवावर. आजीच्या गोष्टींतून शेषनाग आणि दिग्गज भेटलेल्या मुलाला यात परकं काही वाटलं नाही. गंमत पुढे कळली. जादूगार आणि ड्रॅगन यांच्या आडून हा माणूस आपल्याच पोलिसांची, बँकांची, युद्धांची टर उडवतो.

युद्धांची म्हणाल तर 'जिंगो' (१९९७) मी नियंत्रण रेषेवरच्या बंकरमध्ये वाचली. समुद्रातून अचानक एक बेट वर येतं, दोन देश त्याच्यासाठी सैन्य उभं करतात आणि शेवटी बेट पुन्हा बुडतं. टॉर्चच्या उजेडात मी एकटाच हसत होतो. सकाळी संतरीने काळजीने विचारलं, "साहब, रात को सब ठीक था ना?"

'थड!' (२००५) मात्र हसत संपली नाही. तेव्हा मी सिक्कीममध्ये उंचावर होतो. मुलगा चार वर्षांचा, आईबरोबर पुण्यात. कादंबरीतला सॅम व्हाइम्स हा शहराच्या पहारेकरी दलाचा प्रमुख. कितीही मोठी भानगड असो, संध्याकाळी सहाला तो घरी पोचतो आणि छोट्या मुलाला हरवलेल्या गायीचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतो. आज सबळ कारणासाठी खाडा केला तर उद्या किरकोळ कारणही पुरतं, हे त्याला पक्कं माहीत आहे.

माझ्याकडे सबळ कारणांची कमतरता नव्हती. गस्त लांबली, दरड कोसळली, लाइन बंद पडली. पण लाइन चालू असूनही, मेसमध्ये पाहुणे आहेत, उद्या बोलू, म्हणून टाळलेले दिवस मी मोजायला बसलो. त्या एका महिन्यात सहा निघाले. बायकोने कधी बोलून दाखवलं नव्हतं. मुलगा फोनशेजारीच झोपून जायचा, हे मला नंतर कळलं.

मग रात्री आठची वेळ ठरली. लाइन असेल त्या दिवशी मी गोष्ट वाचायचो, तो ऐकायचा. एक्स्चेंजवरचा साताऱ्याचा जवानही ऐकत असावा. एकदा मध्येच लाइन तुटली, ती जोडून देताना म्हणाला, "साहेब, मग त्या कोल्ह्याचं काय झालं?"

अल्झायमर झाल्याचं प्रॅचेटने २००७ साली जाहीर केलं. टाइप करणं जमेनासं झालं, तेव्हा तोंडी सांगून त्याने पुस्तकं पुरी केली. शेवटचं पुस्तक मी अजून उघडलेलं नाही. मुलगा आता सोळाचा आहे, त्याने ते वाचून टाकलंय. शेवट सांगायचा नाही, अशी त्याला ताकीद आहे.

गेल्या आठवड्यात दोन दिवस त्याने आठला फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबा, क्लास होता."

कारण सबळ होतं. मी काही बोललो नाही. पण चौथ्या दिवशी आठ वाजायच्या आधीच फोन घेऊन बसलो.