वाढलेलें तेल

जी वस्तु वापरावी ती कमी व्हावी, हा संसाराचा साधा नियम आहे. डब्यांतील साखर, समईंतील तेल, महिन्याचा पगार आणि वयपरत्वें डोक्यावरील केस हीं सर्व या नियमाला निमूटपणें मान देतात. म्हणून एखादी वस्तु वापरूनहि वाढूं लागली, तर शहाण्या माणसानें आनंद मानण्यापूर्वीं थोडें थांबावें. आम्ही थांबलों नाहीं. त्याचें जें प्रायश्चित्त आम्हांस घ्यावें लागलें, त्याची ही हकीकत आहे.

आमच्या घरीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. तीर्थरूपांनीं ती १९८४ सालीं, पुष्कळ दिवस यादींत नांव लावून मिळविली. मुळांत ही फियाटची ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून ती होऊं लागली, पुढें पद्मिनी झाली, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीहि २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. आमच्या पद्मिनीची नोंदणी मात्र आम्ही दर पांच वर्षांनीं नवी करून घेत आलों आहों. वडिलांची काठी, वडिलांचा चष्मा आणि वडिलांची मोटार यांपैकीं शेवटची वस्तु अजून चालते, एवढेंच त्याचें समर्थन.

सोलापूरचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे त्यांस सांगावयास नको कीं, त्या दिवसांत माणसाप्रमाणें मोटारीलाहि भोंवळ येते. पद्मिनीचा मूळचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. इंजिनाच्या गतीनें त्यांतील पडदा हालतो व पेट्रोल ओढलें जातें. परंतु इंजिन तापलें कीं पंपांतील पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ कांहीं ओढली जात नाहीं. सात रस्त्यावर, भर दुपारीं, मागें रिक्षांचा कल्लोळ चालला असतां, आम्हांस हा पदार्थविज्ञानाचा पाठ दोनदां मिळाला. तेव्हां आम्हीं सुधारणा करण्याचें ठरविलें. जुना पंप काढून त्याची जागा पत्र्यानें बंद केली, टांकीजवळ विजेचा पंप बसविला, आणि हौसेला मोल नसल्यामुळें मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटरहि घेतला.

काम करणारे मिस्त्री आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. घरीं तेलुगु, गिऱ्हाइकाशीं मराठी, आणि न निघणाऱ्या बोल्टाशीं दखनी अशी त्यांची भाषांची वांटणी आहे. काम संपतां संपतां ते म्हणाले, “सर, ह्याला दाब कमी करायचं एक पुर्जा लागतंय. बसवू का?” खर्चाचा आंकडा आधींच आमच्या अंदाजाच्या पुढें गेला होता. “सध्यां राहूं द्या,” असें आम्ही म्हणालों. आणि, वाचकहो, खरें सांगावयाचें तर तें विसरूनहि गेलों.

पुढचे तीन महिने सुखाचे गेले. दर रविवारीं तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी, तों तेल तसूभरहि उतरलेलें नसे. एके रविवारीं तर तें वरच्या खुणेच्याहि वर दिसलें. मागल्या खेपेस आम्हींच जरा अधिक ओतलें असेल, अशी आम्हीं समजूत करून घेतली. आणि महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षांत, चाळीस वर्षांचें इंजिन तेलाचा थेंबहि खात नाहीं, अशी बढाई मारली.

मग लक्षणें दिसूं लागलीं. सकाळीं इंजिन खोकलल्यासारखें करी. बोनेट उघडतांच पेट्रोलचा वास येई. गाडी तापून चौकांत उभी राहिली कीं तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुके. आम्हीं प्रथम पेट्रोलला दोष दिला. हल्लीं त्यांत वीस टक्के इथेनॉल असतें, व जुन्या गाड्यांच्या रबराला तें सोसत नाहीं, हें आम्हीं वाचलें होतें. पण नळ्या तर नव्याच घातलेल्या. मग संशय वळला तो मिस्त्रींकडे. इंजिनांत भरलेलें तेल भेसळीचें असलें पाहिजे, असें आम्हीं ठरविलें. आणि चारपांच गिऱ्हाइकें बसलीं असतां, पुराव्याचा शब्दहि हातीं नसतांना, तें त्यांना ऐकविलें.

मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पट्टी काढली, हुंगली, व आमच्या हातीं दिली. “सर, इंजिन तेल पितंय. देत नसतंय ओ.”

या एका वाक्यानें आमचा तर्कशास्त्राचा अभिमान जमिनीवर आला. वडिलांची एक वही मोटारीच्या खणांत असते. तींत १९८४ पासूनचा हिशेब आहे. घरीं येऊन आम्हीं ती उघडली. दर महिना-दीड महिन्यानें तीच नोंद : “तेल पाव लिटर घातलें.” जी गाडी वडिलांच्या हातीं नित्य तेल पीत होती ती आमच्या हातीं एकाएकीं उपाशी राहूं लागली, हें नवल आम्हीं गुण म्हणून मिरविलें होतें! ती पूर्वीप्रमाणेंच तेल पीत होती. फक्त त्याची जागा दुसरेंच कांहीं भरून काढीत होतें.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं जी परीक्षा केली ती आमच्या वर्गांत दाखवावी अशी होती. तेल वाढलें तर त्यांत एक तर पाणी आलें असेल किंवा पेट्रोल. पाणी असतें तर तेल ताकासारखें पांढुरकें झालें असतें, व तापल्या पत्र्यावर त्याचा थेंब तडतडला असता. तसें कांहीं झालें नाहीं. मग त्यांनीं एक कांच तिरपी धरली. वरच्या कडेला एक थेंब डब्यांतील नव्या तेलाचा व एक आमच्या इंजिनांतील ठेवला. नवा थेंब पंढरीच्या वाटेवरील म्हाताऱ्यासारखा सावकाश निघाला. आमचा शाळा सुटल्यासारखा धांवला. टीपकागदावर टाकलेल्या थेंबाभोंवतीं काजळीचा काळा ठिपका, त्याबाहेर तेलाचें कडें आणि त्याहि बाहेर एक फिकट वलय उमटलें. तें वलय पेट्रोलचें. प्रयोगशाळेंत हेंच काम तेलाचा पेट घेण्याचा अंश व त्याची घनता-प्रवाहिता मोजून अधिक कांटेकोरपणें होतें. शेंकडा पांचापर्यंत पेट्रोल मिसळलें तरी तेल टाकाऊ समजतात. कारण धातूच्या दोन पृष्ठभागांमध्यें तेलाचा जो पातळ पडदा असतो तोच इंजिनाचा प्राण. तो विरला कीं बेअरिंगें एकमेकांस खाऊं लागतात, व तांबडा दिवा हीच वर्दी देत असतो.

आतां पेट्रोल आलें कोठून? जुन्या पंपाचा पडदा फाटला तर तें थेट तेलांत उतरतें. पण तो पंप तर आम्हीं काढून टाकलेला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात म्हणून चारी सिलिंडरांचा दाब पाहिला. तो वयाच्या मानानें सारखा निघाला. शेवटीं हवेची चाळण काढून, इंजिन बंद ठेवून, नुसती किल्ली फिरविली. पंप घरघरूं लागला, आणि कार्ब्युरेटरच्या घशांत पेट्रोलचे थेंब टपटप पडूं लागले. अशा जुन्या कार्ब्युरेटरला चौरस इंचास तीन-चार पौंड दाब पुरतो. मापकाचा कांटा सातावर होता. पेट्रोल अडविणारी सुई त्या दाबापुढें हतबल होत होती. जास्तीचें पेट्रोल जळत नव्हतें. तें सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुवून खालीं झिरपत होतें. गाडी लांब चालली असती तर तेल तापून त्यांतील बरेंचसें उडून तरी गेलें असतें. पण घर ते महाविद्यालय या दोन मैलांत तेल तापावें कसें?

मिस्त्रींनीं त्या पुर्जाचा उल्लेखसुद्धां केला नाहीं. तो आम्हांसच आठवला, आणि त्या आठवणीनें आमची मान खालीं गेली. पुराव्याआधीं निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण आम्ही आजवर निर्दयपणें कापीत आलों आहों!

तेल व फिल्टर बदलले, दाब कमी करणारा पुर्जा बसला, दिवा शांत झाला. पैसे देतांना आम्ही हळूच म्हणालों, “त्या दिवशीं आमचें चुकलें.” “असू द्या ओ सर,” असें म्हणून ते दुसऱ्या गाडीखालीं शिरले.

घरीं येतांना एक गोष्ट मनाला टोंचूं लागली. आरोप आम्हीं मोठ्यानें, चारचौघांत केला होता. क्षमा मात्र हलक्या आवाजांत, कोणी नसतांना मागितली. हा हिशेब जुळत नव्हता. पुढल्या रविवारीं, गिऱ्हाइकें बसलीं असतांना, आम्ही मुद्दाम गेलों आणि चूक कोणाची होती तें सर्वांसमक्ष सांगितलें. मिस्त्री लाजले, मग त्यांनीं चहा मागविला.

त्यास आतां सहा आठवडे झाले. काल पट्टी काढून पाहिली, तों तेल खुणेच्या खालीं उतरलें होतें. इतकें समाधान आम्हांस पुष्कळ दिवसांत झालें नव्हतें. वडिलांच्या वहींत, त्यांच्या अक्षराखालीं, आम्हीं लिहिलें : “तेल पाव लिटर घातलें.”