करडईच्या दुधाचा शिरा

आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या न्याहारीत दुधातुपाला फारसं काम नसतं. पोहे तेलावर, उप्पीट तेलावर, धिरडी तेलावर. थालीपिठावर लोण्याचा गोळा येतो खरा, पण तो नसला तरी शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा यांवर थालीपीठ निभावतं. भाकरी-पिठलं आणि भाकरी-ठेचा यांचा तर प्रश्नच नाही. अडतं ते शिऱ्यापाशी. पाहुणे मुक्कामाला असले, पोरांचा निकाल लागला, घरात सुपारी फुटली की सकाळी शिरा होतो. शिरा म्हणजे रवा तुपावर खमंग भाजायचा, वर उकळतं दूध ओतायचं आणि प्रसादाचा असेल तर सगळं सव्वाच्या मापानं घ्यायचं. त्यातून तूप आणि दूध काढून घेतलं तर मागं काय राहतं, हा प्रश्न आमच्या घरी लेकीमुळं आला.

ती पुण्याला शिकायला गेली आणि तिथं व्हीगन झाली. दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं. कारण तिनं एकदाच सांगितलं. "आई, आजोळच्या गोठ्यात रेडा जन्मला की काय व्हायचं, ते तूच मला सांगितलंयस." त्यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. हा सगळा दुधाचा मुलूख. चितळ्यांची डेअरी १९३९ साली इथंच भिलवडीला सुरू झाली. आम्हा भावंडांच्या फिया, वह्या-पुस्तकं, थोरल्या बहिणीच्या लग्नातली भांडी, सगळं दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर झालं. पहाटे उठून शेण काढणाऱ्या, धारा काढणाऱ्या माझ्या आईच्या हातात जे काही स्वतःचे पैसे आले ते त्याच बिलाचे. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. पण म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात पेढा यायचा, रेडा झाला तर त्याला पाजायची कुणाला घाई नसायची, हेही आमच्याच गोठ्यातलं आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही पोटात घेऊनच मी स्वयंपाकघरात उभी राहिले. पोरीला घरचा शिरा मिळायला हवा होता.

पर्याय बाजारात मिळतात. सोयाबीनचं दूध, बदामाचं, ओटचं अशी खोकी आता सांगलीतही दिसतात. २०२२ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले, तेव्हापासून पाकिटावर हिरवं चिन्ह शोधायची लेकीला सवय लागली आहे. त्या दुधांचा चहा बरा होतो. शिऱ्याचं गणित वेगळं आहे. बदामाच्या खोक्यात पाणीच जास्त, त्यानं रवा फुलतो पण त्याला अंग येत नाही. सोयाबीन आमच्या रानात पोत्यांनी पिकतं, म्हणून घरीही दूध काढलं. पण दाणे उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय वाटले तर कच्च्या हरभऱ्याचा वास येतो, आणि गोडात तो वेलदोड्यालाही दबत नाही. नारळाच्या दुधातला शिरा सुरेख होतो, तो कोकणाच्या चवीचा. शेंगदाण्याचं दूध दाट आणि गोडसर, पण त्यात शिऱ्यापेक्षा शेंगदाणाच पुढं येतो. त्याचं दही मात्र फार छान लागतं. विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ घातले तरी चालतात. आता आमच्या थालीपिठाबरोबर तेच असतं.

हे सगळं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बघत होत्या. त्या म्हसवडच्या, माण तालुक्यातल्या. आता थकल्यामुळं आमच्याकडं सांगलीत असतात. कृष्णाकाठचं पाणी त्यांनी उतारवयात पाहिलं. मिक्सरचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "आगं, एवढं कशाला करतीस? करडीचं दूध काढ की."

दुष्काळी पट्टा कसा जगला हे मला लग्नानंतर कळलं, पण हे माहीत नव्हतं. साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले आटपाडी, कवठेमहांकाळ, जत म्हणजे पाऊस हुलकावणी देणारा मुलूख. चारा नसला की म्हशी आटायच्या. अगदी २०१२-१३ च्या दुष्काळातही म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती म्हणून कितीतरी घरांची जनावरं दावणीला राहिली. अशा गावात दुधाचा भरवसा कुणी धरायचा? करडी मात्र असायची. शाळूच्या रानात चार तास करडीचे, बांधाकडेनं करडीच. मूळ खोल जातं, त्यामुळं थंडीतल्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर ती तगते. कोवळी असताना पाल्याची भाजी, पिकली की घाण्याचं तेल, आणि सणाला करडीचं दूध. "गव्हाच्या खिरीत तर त्येच घालायचं," आत्याबाई म्हणाल्या. "खपलीचा गहू कांडायचा, शिजवायचा, गूळ घालायचा आन् वरनं करडीचं दूध. म्हशीचं दूध पोरास्नी आन् चहाला."

एरवी परदेशातलं नवं खूळ म्हणून ज्याची चर्चा होते, ते काम माणदेशातल्या बायका पाट्या-वरवंट्यावर करत होत्या. त्यात जनावरावरच्या दयेपेक्षा टंचाईच जास्त होती. तरी ताटातली वस्तू तीच. मला त्या सकाळी फार हायसं वाटलं. लेकीसाठी काहीतरी परकं शिजवायचं नव्हतं, सासरच्या चुलीवरचंच पुढं न्यायचं होतं.

बी मिळवणं हेच पहिलं अवघड काम निघालं. सांगलीत भुसार दुकानात करडई मागितली की पक्ष्यांसाठी का, असं विचारतात. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं तर चुकूनही खाऊ नये, त्याला औषध चोळलेलं असतं. शेवटी म्हसवडहून दिरानं घरची करडई पाठवली.

आत्याबाईंनी दाखवलेली रीत अशी. अर्धी वाटी करडई निवडून, चार पाण्यांनी धुवायची. वर तरंगतात ते पोचट दाणे काढून टाकायचे. रात्रभर भिजवायची. सकाळी थोडं पाणी घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. इथं हात आवरावा लागतो. करडईच्या दाण्याचं जवळजवळ निम्मं वजन पांढऱ्या कडक टरफलाचं असतं. ते बारीक वाटलं गेलं की दूध कडवट होतं. दाणा फुटून आतला मगज सुटला पाहिजे आणि टरफल जाडंभरडं राहिलं पाहिजे. मग जुन्या मऊ पंच्यातून पिळायचं. चोथ्यावर कोमट पाणी घालून दुसऱ्यांदा पिळायचं. दोन्ही मिळून दीडएक वाटी दूध निघतं, मलईच्या रंगाचं, आणि बोटाला चोळलं तर तेलकट लागणारं, कारण बियात तेलच तीस टक्क्यांच्या आसपास असतं. वास मंद, भिजवलेल्या सुक्यामेव्याचा.

हे दूध थेट आचेवर ठेवलं की फाटल्यासारखं होतं. त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि बारीक कण वर येतात. खिरीत म्हणूनच ते शेवटी, मंद आचेवर, ढवळत ढवळत घालतात. शिऱ्यात मला हे कण हवेच होते. रव्यात मिसळले की ते खव्यासारखे लागतात.

तुपाचं काय, हा खरा पेच. तुपावर रवा भाजताना जो वास सुटतो तो दुसऱ्या कशालाच येत नाही, हे कबूल करूनच पुढं जावं. घाण्याचं शेंगतेल गोडात चालत नाही. वनस्पती तुपाला आमच्या घरात जागा नाही. मी रवा आधी कोरडाच, जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर भाजते. रंग गुलाबीकडं झुकला आणि रवा उलथन्याखाली हलका सरकायला लागला की चार चमचे करडईचं तेल सोडते, ते फारसा वास न देणारं आहे. त्यातच किसलेलं सुकं खोबरं परतते. खमंगपणा खोबऱ्याकडून येतो, तुपाचा भास आणायच्या फंदात मी पडत नाही. मग एक वाटी रव्याला दीड वाटी उकळतं पाणी, झाकण, वाफ. रवा फुलला की करडईचं दूध, आणि थोडी काजूची पेस्ट. दूध जिरल्यावर गॅस बंद करून पाऊण वाटी किसलेला गूळ, जायफळ, चिमटीभर मीठ आणि तासगावचे बेदाणे. गूळ सांगलीच्या पेठेतला. साखर घातली तरी हरकत नाही. परदेशात काही ठिकाणी हाडांच्या कोळशातून साखर गाळतात असं लेकीनं वाचलं होतं, पण आपल्याकडचे कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुरानं स्वच्छ करतात. मला करडईबरोबर गूळच रुचतो, दोघांचा खरपूसपणा जुळतो.

रंग तपकिरी येतो. बघताना तो लापशीकडं झुकलेला वाटतो, खाताना मऊ, दाणेदार शिरा असतो. नवऱ्याला पहिल्या घासाला तुपाची आठवण झाली, तसं तो बोललाही. आत्याबाईंनी बशी पुन्हा पुढं केली. माझ्या भावाला मात्र हे अजून पटलेलं नाही. त्याच्या गोठ्यात म्हशी आहेत, आणि भाचीनं दूध सोडलं याचा त्याला आपल्या कष्टावरचा ठपका वाटतो. त्याची समजूत शिऱ्यानं निघणार नाही, आणि निघावी अशी माझी जबरदस्तीही नाही. सत्यनारायणाचा प्रसाद आमच्याकडं अजून तुपातलाच होतो. लेक तो कपाळाला लावून आजीच्या हातावर ठेवते. दोघींनी यातून काढलेली वाट मला आवडते.

एक गोष्ट मी लेकीकडून ठरवून पाळून घेतली. करडईचं दूध म्हणजे म्हशीच्या दुधाचा सगळा ऐवज नव्हे. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, घरी पिळलेल्या दुधात तेवढं नसतं. ते नाचणीतून आणि तिळातून भरून काढता येतं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. बी-१२ जीवनसत्त्व मात्र झाडपाल्यात सापडायचं नाही. त्याची गोळी ती डॉक्टरांना विचारून घेते. घरात कुणी दूध सोडलं असेल तर हे आधी बघावं, शिरा नंतर.

खरवसाचा पर्याय करायला मी हात लावलेला नाही. चायना ग्रास घालून करतात म्हणे. खरवस हा व्यालेल्या जनावराचा चीक, वासराच्या वाट्याचा. तो सोडायचा तर सरळ सोडावा, त्याची नक्कल कशाला!

या हंगामात शाळूत करडईचे तास वाढवायला दिराला सांगितलं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचे वाण काढले आहेत. ते काढणीला हाताला सोसतात आणि त्यांच्या पाकळ्याही खुडून विकता येतात, म्हणून मी त्याला तेच सुचवलं. आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला बजावलं, "मधी बिनकाट्याची घाल, पर बांधाला काट्याचीच पायजे. न्हाईतर मेंढरं शिरत्याली."