फोटो मुलाचा, मग परवानगी कोणाची?



हल्ली आपल्या शाळांमध्ये खडूइतकाच मोबाईल हातात असतो. परिपाठ झाला की फोटो, वृक्षारोपण झालं की फोटो, पोषण आहाराची पंगत बसली की फोटो. यात सगळी हौसच असते असं नाही. उपक्रमाचा अहवाल फोटोशिवाय पुढे जात नाही. शिवाय जि. प. शाळेची पटसंख्या टिकवायची तर गावाला दिसायला हवं की इथे काहीतरी चांगलं चाललंय. आमच्या लेझीमचा व्हिडिओ बघून पहिलीला दोन मुलं दाखल झाली, हे मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे फोटो काढूच नका, असं मी म्हणणार नाही.

पण एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय. तो फोटो कोणाचा? काढणाऱ्याचा, शाळेचा, आईवडिलांचा, की ज्याचा चेहरा त्यात आहे त्या मुलाचा?

घरच्या ग्रुपवरून देशभर

ऑगस्ट 2017 मधली गोष्ट अनेकांना आठवत असेल. आकडे म्हणता म्हणता रडणाऱ्या, हात जोडून विनवणाऱ्या एका चिमुरडीचा व्हिडिओ घरोघरी पोहोचला होता. विराट कोहलीसारख्या क्रिकेटपटूंनीही त्यावर नाराजी व्यक्त केली. नंतर घरच्यांनी सांगितलं की तो व्हिडिओ फक्त घरातल्या ग्रुपसाठी काढला होता. गंमत बघा, ज्यांना वाईट वाटलं त्यांनीही तो पुढे पाठवूनच वाईट वाटल्याचं सांगितलं. त्या मुलीचं रडणं मात्र आणखी लाखो लोकांनी पाहिलं.

दुसरं उदाहरण छत्तीसगडमधल्या सुकमा जिल्ह्यातलं. एका मुलाने वर्गात ‘बचपन का प्यार’ म्हटलं आणि शिक्षकांनी ते मोबाईलवर घेतलं. ही 2019 ची गोष्ट. व्हिडिओ देशभर पसरला तो थेट 2021 मध्ये. मग बादशाहने त्याच्यासोबत गाणं केलं, मुख्यमंत्र्यांनी सत्कार केला. त्या मुलाचं कौतुक झालं याचा आनंदच आहे. (त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.) पण मुद्दा असा की वर्गात फोन वर धरला तेव्हा दोन वर्षांनी काय होणार हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. एका मुलाचं कौतुक होतं त्याच वाटेने दुसऱ्याची टिंगलही होते. ‘भारताची राजधानी कोणती?’ याचं चुकीचं उत्तर देणाऱ्या लेकरांचे व्हिडिओ आपण हसत हसत पुढे ढकलतोच की. ते मूल चुकलं चौथीत, आणि कॉलेजला गेलं तरी ती चूक फिरतच राहते.

कायदा काय म्हणतो?

योगायोग असा की त्याच महिन्यात, 24 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांनी ती याचिका केली होती. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि बालकाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अर्थात, घरगुती कारणासाठी कोणी माहिती वापरली तर हा कायदा तिथे लागू होत नाही. म्हणजे आजीला पाठवलेल्या फोटोला कायद्याची आडकाठी नाही.

पोक्सो कायदा वेगळ्या कारणासाठी आहे, पण त्यातली एक गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करू नये, असं तो सांगतो. ओळख म्हणजे काय, तर नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर. आता आपल्या पोस्ट आठवा. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, गाव, तालुका. वर जीपीएस कॅमेऱ्याने छापलेले अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ. पुराव्यासाठी ते ठीक आहे, कार्यालयाला पाठवा. पण तोच फोटो स्टेटसला गेला की कोणतं मूल किती वाजता कुठे असतं, याचा नकाशाच आपण हातात देतो.

हे कोणासाठी महत्त्वाचं असतं? आमच्या शाळेत एक मुलगी वर्षाच्या मध्येच दाखल झाली. दाखला देऊन झाल्यावर तिची आई दाराशी थांबली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, हिचा फोटो कुठं टाकू नका. आम्ही इथं आहोत ते तिकडं कळायला नको.” सासरचा त्रास सोसून ती माहेरी आली होती. मी फक्त “बरं ताई” म्हटलं. तिच्यासाठी तो एक फोटो म्हणजे थेट जिवाशी गाठ होती. प्रत्येक आई असं सांगू शकतेच असं नाही. म्हणून सांगायची वेळ येण्याआधीच आपण विचारायला हवं.

मुलांना विचारलं तेव्हा

माझ्या चौथीच्या वर्गात 26 मुलं आहेत. “तुमचा फोटो ग्रुपवर टाकलेला कोणाला आवडतो?” असं विचारलं तर सगळे हात वर. मग नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. पाच चिठ्ठ्यांवर ‘नको’ होतं. एकीने लिहिलं होतं, ‘मी काळी दिसते.’ एकाने, ‘दादा चिडवतो.’ आणखी एक चिठ्ठी होती, ‘वह्या वाटल्या तेव्हाचा फोटो नको.’

ही शेवटची चिठ्ठी मला फार लागली. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप’ असा फलक, मध्ये पाहुणे, समोर रांगेत मुलं. दात्यांचे उपकार आहेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला ‘गरीब’ या शब्दाखाली उभं राहिल्याचं कळतं. वह्या वर्षभरात संपतात, फोटो राहतो. मुलांशिवाय फक्त वह्यांचा आणि दात्यांचा फोटो काढला तर आभार कमी होतात का?

इथेच मला वाटतं, कायदा पालकांची संमती मागतो, आपण त्यापुढे एक पाऊल टाकावं आणि मुलालाही विचारावं. ‘नको’ म्हटलेलं मोठी माणसं ऐकतात, हा अनुभव त्याला शाळेतच मिळायला हवा. गुड टच-बॅड टच आपण शिकवतो ना? आपल्या शरीराबद्दल नाही म्हणता येतं, तसंच आपल्या चेहऱ्याबद्दलही म्हणता येतं. तोही त्याच पाठाचा भाग आहे.

आम्ही काय ठरवलं

शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवला आणि साध्या गोष्टी ठरल्या.

1. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पालकांकडून लेखी संमती घ्यायची. ‘नको’ लिहिलं तर कारण विचारायचं नाही.
2. बाहेर टाकायचा फोटो शक्यतो पाठमोरा, लांबून किंवा मुलांच्या कामाचा. चित्र, हस्ताक्षर, बागेतली मेथी यातूनही शाळा छान दिसते.
3. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव नाही.
4. रडणारं, चुकणारं, शिक्षा झालेलं मूल कॅमेऱ्यात नाही.
5. आधार कार्डाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर मागायचा नाही. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो, जन्मतारीख असते. पालकांनी शाळेत येऊन दाखवावं, आम्ही नोंदवून लगेच परत देऊ.

सुरुवातीला “एवढं काय त्यात?” असं काही जण म्हणाले. आता ग्रुपवर फोटो कमी असतात आणि मुलांनी काढलेली चित्रं जास्त.

पालकांनाही एक विनंती. शाळेसाठी जो नियम तोच घरासाठी. आंघोळीचे, रुसव्याचे, नापास झाल्याचे व्हिडिओ रील म्हणून टाकताना क्षणभर थांबा. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी कोणाच्या तरी मोबाईलमध्ये ते राहिलेलं असू शकतं. मूल मोठं होईल, तेव्हा आपल्याविषयी जगाला काय सांगायचं हे त्याला ठरवू द्या. तोवर आपण फक्त राखणदार.

उद्या फोटो काढण्याआधी एकदा “काढू का रे?” असं विचारून बघा. बहुतेक मुलं हसून उभी राहतील. एखादं मान हलवेल. त्याला बाजूला उभं राहू द्या, आणि नंतर त्याच्यावर रुसू नका.