आडवी वाट

शामोनीचं नाव निघालं की डोळ्यांसमोर उभी रेघ येते. गाव समुद्रसपाटीपासून १०३५ मीटरवर आणि त्याच्या डोक्यावर ४८०० मीटरांहून उंच मों ब्लां. दरीचा इतिहासही याच उभ्या रेघेवर लिहिला गेला. १७८६ च्या ऑगस्टमध्ये गावचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधत हिंडणारा बाल्मा शिखरावर पोचले, १८२१ मध्ये वाटाड्यांची संघटना उभी राहिली, १९५५ मध्ये एगुई द्यु मिदीच्या सुळक्यापर्यंत केबल कार गेली. पुढे धावणारे आले, त्यांनीही हाच वारसा उचलला. गावातून निघून ३.८ किलोमीटरांत हजार मीटर चढायचे आणि प्लांप्राझला पोचायचं, अशी एक शर्यत इथे होते. हे सगळं थोरच आहे. पण धावण्याच्या वाटांचा हिशेब मांडायचा तर ही उभी रेघ फसवते, असं मला वाटतं. शर्यतीतला धावणारा एका दिवसापुरता असतो. विशीपासून सत्तरीपर्यंत धावत राहणारा माणूस गृहीत धरला, तर या दरीची खरी श्रीमंती तिच्या आडव्या वाटांमध्ये आहे.

या वाटा इमारतीच्या मजल्यांसारख्या एकावर एक आहेत. तळाला आर्व नदी. तिच्या काठाने, बुशेच्या रानातून ले प्रा गावाकडे किंवा उलट दिशेला लाक दे गायां या तळ्याकडे जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे. उन्हाळ्यात शेजारून नदी हिमनद्यांचं राखाडी पाणी घेऊन जाते आणि ऊन चढेल तशी फुगते. त्याच्या वर, सूचिपर्णी झाडांच्या सावलीत, दरीच्या दोन्ही अंगांना ‘पेती बाल्कों’ म्हणजे धाकटे सज्जे : थोडा चढ, थोडा उतार, वाटेत आलेली मुळं, मधूनच एखादा ओढा. आणि झाडं संपतात तिथे, दोन हजार मीटरांच्या आसपास, थोरले सज्जे, ‘ग्रां बाल्कों’. त्यांतला दक्षिणेचा सज्जा दरीच्या उत्तर अंगाला आहे, कारण नाव पडलं ते वाटेचं तोंड कुठे आहे त्यावरून. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. ही दक्षिणमुखी वाट २००० मीटरवरच्या प्लांप्राझपासून १८७७ मीटरवरच्या ला फ्लेझेरपर्यंत जाते आणि सबंध वाटभर समोर मों ब्लां असतो. पलीकडची उत्तरमुखी वाट २३१७ मीटरवरच्या प्लां द लेगुईपासून १९१३ मीटरवरच्या मोंतांव्हेरला उतरते. इतक्या उभ्या दरीत इतकी सपाटी आली कुठून, तर तीही बर्फाचीच करणी. हिमनदीने दरीचा तळ खोल खरवडला, पण वरचे खांदे शिल्लक राहिले. वाट जाते ती त्या खांद्यांवरून.

वाट पाडली मात्र माणसांनी, आणि तीही सावकाश चालणाऱ्या माणसांनी. उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जाणारे शेतकरी, स्फटिक हुडकणारे, लाकूडफाटा आणणारे. १७४१ मध्ये विंडहॅम आणि पोकॉक हे दोन इंग्रज मोंतांव्हेरला चढून खालची हिमनदी पाहून आले आणि त्यानंतर प्रवाशांची रीघ वाढत गेली. एकोणिसाव्या शतकात हे प्रवासी खेचरावर बसून वर जात. खेचराला झेपेल असा चढ काढायचा म्हणजे वाट रुंद हवी, वळणावळणाने जाणारी हवी, कुठे छातीवर येता कामा नये. आज हलकी धाव घेत चढणाऱ्याच्या पावलाला ती वाट बरोबर बसते, हा योगायोग नव्हे. १९०९ मध्ये दातेरी रुळांची रेल्वे मोंतांव्हेरपर्यंत पूर्ण झाली, खेचरांचं काम गेलं, वाट उरली. ट्रेल रनिंग म्हणून आज जे काही विकलं जातं त्यातले बूट नवे, घड्याळ नवं, पाठीवरची पाण्याची पिशवी नवी. वाट तेवढी जुनी आणि दुसऱ्याच्या कष्टाची. गाभण गाय, ओझंवाला आणि धाप लागलेला पाहुणा यांच्यासाठी आखलेली असल्यामुळेच ती माणसाला वयाच्या कुठल्याही टप्प्यावर पुरते.

शरीराचा हिशेबही याच बाजूने जातो. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता साधारण तिशीनंतर हळूहळू घटू लागते. सराव ठेवला तर घसरण मंदावते, थांबत नाही. चढ नेमका त्याच क्षमतेवर अवलंबून. उतार त्याहून लबाड. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी साधा जिना उतरताना माणूस कण्हतो. वय वाढतं तशी ही झीज भरून यायला जास्त दिवस लागतात. म्हणजे धावणाऱ्याच्या आयुष्यातून आधी उभी रेघ पुसट होते, आडवी बराच काळ टिकते. अशा वेळी शामोनीत एक सोय आहे, जी अनेक दऱ्यांना नाही. केबल कारने प्लांप्राझला जावं, थोरल्या सज्जावरून ला फ्लेझेरपर्यंत धावावं आणि तिथून पुन्हा केबल कारने खाली यावं. किंवा एगुई द्यु मिदीच्या केबल कारच्या मधल्या स्थानकावर उतरून मोंतांव्हेर गाठावं आणि रेल्वेने परतावं. गुडघ्यांना आठ-नऊशे मीटरांचा उतार माफ होतो आणि दोन हजार मीटरांवरची पातळ हवा, अल्पाईन गुलाबांची झुडपं, मार्मोटची शीळ हे सगळं मिळतं. मोसमांच्या अधेमध्ये ही यंत्रं बंद असतात, तेवढे आठवडे तळाच्या वाटेवर काढावे लागतात.

यावर कडव्या डोंगरवाल्यांचा आक्षेप ठरलेला आहे : डोंगर पायांनी कमवावा, यंत्राने वर जाऊन धावणं ही फसवणूक. शिखराच्या बाबतीत मी हे मान्य करीन, कारण तिथे चढून जाणं हीच करामत आहे. सज्जावर जिंकण्यासारखं काही नाही, मग फसवायचं कुणाला? शिवाय हाच सोवळेपणा हिवाळ्यात कुठे जातो? दिवसभर केबल कारने वर जाऊन स्कीवरून घसरत खाली येणाऱ्या पंचविशीच्या तरुणाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. साठीच्या बाईंनी गुडघे सांभाळले की मात्र नीतिशास्त्र आठवतं.

याहून वजनदार आक्षेप शर्यतीच्या बाजूने येतो. मों ब्लांला फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून प्रदक्षिणा घालणारी यूटीएमबी २००३ मध्ये सुरू झाली : सुमारे १७० किलोमीटर, जवळपास दहा हजार मीटर चढ. पहिल्या वर्षी सातशेच्या वर लोक निघाले आणि सत्तरही जण पूर्ण फेरी करून परतले नाहीत. या शर्यतीनेच दरीला धावणाऱ्यांची पंढरी केलं, तिच्याविना या सज्जांकडे कुणी पाहिलं असतं, असं विचारता येईल. त्यात भर म्हणून वयाचा पुरावाही आहे. २००७ मध्ये ही शर्यत जिंकली ती मार्को ओल्मो या ५८ वर्षांच्या इटालियन धावपटूने, आणि २००८ मध्ये २० वर्षांच्या किलियन जोर्नेने. लागोपाठच्या दोन विजेत्यांत आजोबा-नातवाचं अंतर! मग आयुष्यभर पुरणारी गोष्ट शर्यत हीच नव्हे का? ओल्मोचं उदाहरण मला फार आवडतं, पण ते ज्या काळाचं आहे तो काळ गेला. आता पुरुषांतले विजेते वीस तासांच्या आत परततात. भाग घेण्यासाठी याच मालिकेतल्या दुसऱ्या शर्यती धावून आधी पात्रता गोळा करावी लागते, त्यावर सोडत निघते. शर्यत माणसं निवडते. तिचं कामच ते आहे. वाट कुणाला निवडत नाही. आणि गंमत अशी, की ही महाशर्यत शामोनीतून सुटते तेव्हा ले झूशपर्यंतचे पहिले आठेक किलोमीटर आर्वच्या कडेकडेने जवळजवळ सपाटच जातात. जगातले सर्वांत तगडे पाय आपल्या प्रदक्षिणेची सुरुवात म्हाताऱ्यांच्या वाटेवरून करतात.

तरीही दोन अडचणी अशा आहेत, ज्यांना माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नाही. पहिली हवेची. हिवाळ्यात थंड हवा दरीच्या तळाशी बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. लाकडाच्या शेगड्यांचा धूर आणि १९६५ पासून मों ब्लांच्या बोगद्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. जुन्या शेगड्या बदलायला सरकारी मदत मिळू लागली, ट्रक मात्र आहेतच. म्हणजे ज्या मजल्यावर म्हाताऱ्या फुप्फुसांनी धावावं असं मी म्हणतो, त्याच मजल्यावर हवा कधीकधी सर्वांत वाईट असते. अशा दिवशी वरच्या उन्हात जावं हे उत्तर खरं, पण तेव्हा थोरले सज्जे बर्फाखाली असतात. उरतात मधले धाकटे सज्जे, आणि त्यांतलाही दक्षिणमुखी तेवढा.

दुसरी अडचण घराची. आयुष्यभराची वाट म्हटली की आयुष्यभर तिथे राहता यायला हवं. शामोनीतली बहुसंख्य घरं सुट्टीपुरती उघडतात. किमती अशा, की इथे जन्मलेल्या, हॉटेलात किंवा केबल कारवर काम करणाऱ्या तरुणाला दरीतून खाली सरकावं लागतं. तो चाळिशीला आर्वच्या काठी नसेल, तर सत्तरीला कुठून असणार? आठवड्यापुरता आलेला पाहुणा साहजिकच उभी रेघ पकडतो, कारण त्याच्याजवळ सातच दिवस असतात. २०२५ मध्ये गावाने नव्या बांधकामात सुट्टीच्या घरांना मनाई करण्याचं ठरवलं. त्या निर्णयात धावण्याचा उल्लेख असण्याचं काही कारण नाही. पण या दरीतल्या धावण्याविषयी गेल्या काही वर्षांत जे काही ठरलं, त्यात कुठल्याही शर्यतीच्या नव्या मार्गापेक्षा मला तोच निर्णय मोठा वाटतो, जरी आधीच बंद पडून असलेल्या घरांना तो हात लावत नसला तरी.