द्वारकेच्या गच्चीवरून मृग दिसतो का?

द्वारकेच्या आकाशात चालणारे तारे भरपूर दिसतात. फक्त थोड्या वेळाने ते विमानतळावर उतरतात! बाकी सगळीकडे दिव्यांचा पिवळट उजेड आणि थंडीत धुरकं. त्यामुळे मला आकाश बघायचा नाद आहे म्हटलं की सोसायटीतले लोक हसतात. तुम्हालाही हसू आलं असेल.

पण मला सांगा, अवकाशाच्या बातम्या तर तुम्ही आवडीने वाचता ना? शुभांशु शुक्ला 25 जून 2025 रोजी अवकाशात झेपावले आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. 15 जुलैला ते परतले. त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण ते स्थानक आपल्या गच्चीवरूनही दिसतं, हे किती जणांना माहीत आहे?

त्यासाठी दुर्बीण लागत नाही. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून ते साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. संध्याकाळी किंवा पहाटे आपल्याकडे अंधार असतो, पण तिथे ऊन असतं. तेव्हा ते चमकतं. विमानासारखं लुकलुकत नाही, आवाज करत नाही. शांतपणे सरकत जातं आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं की मधेच दिसेनासं होतं. आपल्या शहरातल्या वेळा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर मिळतात.

नुसत्या बातमीवर न थांबता लोकांना आकाशाखाली उभं करायचं काम हौशी मंडळी करतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हेच करते आहे. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं. दिल्लीतही हौशी निरीक्षकांची संघटना आहे, शिवाय तीन मूर्तीला नेहरू तारांगण आहे. अशा ठिकाणी कुणीतरी जाणकार शेजारी उभा राहून बोटाने दाखवतो. मोबाइलच्या अॅपपेक्षा ते बोट जास्त लक्षात राहतं.

माझ्यासाठी ते बोट आजीचं आहे. तिचं आयुष्य शेतीत गेलं. जून आला की ती अजून विचारते, "मृग लागला का गं?" मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. म्हणूनच पेरणीच्या त्या दिवसांत हे तारे दिसत नाहीत; ते सूर्याबरोबरच उगवतात आणि मावळतात. ते बघायचे डिसेंबरात, संध्याकाळनंतर पूर्वेला. इंग्रजी पुस्तकांतला ओरायन तो हाच.

मृगाचे चार पाय म्हणजे चार तारे आणि पोटात घुसलेला बाण म्हणजे एका रेषेतले तीन तारे. ही रेघ खाली वाढवली की लखलखीत व्याध सापडतो, वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. द्वारकेतून कृत्तिका जेमतेम दिसतात, पण बाण आणि व्याध धुरक्यातूनही ओळखू येतात.

आजीला आता मोतीबिंदूमुळे तारे दिसत नाहीत. मी सांगते, "आजी, बाण सापडला." ती खुर्चीत बसूनच हात तिरका धरते आणि म्हणते, "मग व्याध इकडे असणार." दर वेळी तो तिकडेच असतो.

तुमच्या घरी अशी आजी किंवा आजोबा असतील, तर या हिवाळ्यात त्यांना गच्चीवर न्या. चढणं होत नसेल तर फोन लावा. ताऱ्यांची पुस्तकातली नावं नेटवर कधीही मिळतील. पण तुमच्या गावात त्यांना काय म्हणायचे, ते पाहून कोणती कामं ठरायची, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. विचारा आणि लगेच लिहून ठेवा. मृग दर हिवाळ्यात उगवेल. सांगणारं माणूस दर हिवाळ्यात असेलच असं नाही.