३४ काढ रे!

अकरावीत असताना दुकानातल्या काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोऱ्याला सांगितलं, “३४ काढ रे.” आईनं मान खाली घालून पैसे दिले. पुढची दहा वर्षं मी ३४ बीच घेत राहिले. पट्टा पाठीवर वर सरकायचा, खांद्यांवर वळ उठायचे. वाटायचं, आपलंच अंग बेढब.

परवा टेलरच्या टेपनं मोजलं. छातीखाली ३०, छातीवर ३४. फरक ४ इंच, म्हणजे कप डी. पट्टाच सैल होता, म्हणून सगळा भार खांद्यांवर!

दुकानात ३० डी मागितली. “ताई, तिसात डी येतच नाही.”

घरी आईला सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, “दार लाव. माझंही माप घे.”